भक्तनिवासात कोंबडी

लग्नानंतरच्या पन्नास वर्षांत माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, माहेर सोडून कुठेही मुक्काम केला नव्हता, कारण माझ्या सासऱ्यांना, आप्पांना, कोंबड्यांचा नाद. तासगावात आमच्या परसात एके काळी वीस-बावीस कोंबड्या असायच्या. आप्पा एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला. त्यामुळे कोंबड्या आप्पांच्या आणि त्यांचं दाणापाणी, झाकणं, उघडणं सगळं आईंकडे, अशी वाटणी होती. कुठं जायचं म्हटलं की आप्पा विचारायचे, "आणि कोंबड्या कोण झाकणार?" तिथं विषय संपायचा.

आता वयापुढं आणि मुंगसापुढं हात टेकून आप्पांनी पसारा आवरला आहे. उरली आहे एकच. गंगी. तांबडी, गुबगुबीत, मुंगसाने धरल्यापासून डाव्या पायाने लंगडी. ती घरातच असते, आप्पांच्या खुर्चीखाली.

या फेब्रुवारीत सतीशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आठवडाभराची रजा काढली. मीही शाळेतून काढली. "आई, कुठं जायचं?" त्याने विचारलं. आम्हाला वाटलं, त्या नेहमीसारखं 'कुठं नको' म्हणतील. त्या क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, "नाशिक. पंचवटीत राहायचं. सकाळी उठून चालत गंगेवर जाता आलं पाहिजे."

आप्पा म्हणाले, "आणि गंगी?"

"शेजारी विलासकडं ठेवू की."

"विलासच्या घरात बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी रस्सा असतो," आप्पा म्हणाले. "तिथं ठेवू तिला?"

गंगी नसेल तर आप्पा येणार नाहीत, आणि आप्पा नसतील तर आई निघणार नाहीत, हे आम्हाला ठाऊक होतं. सतीशने नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलला फोन लावला. प्राणी चालतात, असं त्यांच्या जाहिरातीत होतं.

"डॉग आहे की कॅट, सर?" पलीकडून एका मुलीने विचारलं.

"कोंबडी."

मग ती अगदी अदबीने म्हणाली, "सर, चिकन आमच्या रेस्टॉरंटमध्येच मिळतं. बाहेरून आणायची गरज नाही."

शेवटी पंचवटीतलं एक भक्तनिवास मिळालं. स्वच्छ, स्वस्त आणि नदीपासून पाच मिनिटांवर. कोंबडीबद्दल आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

पंचवटी, गुरुवार

आमच्याच गाडीने आलो, रस्त्याचं वर्णन करत नाही. एवढंच सांगते, की झाकलेल्या करंडीत अंधार असला की कोंबडी रात्र समजून गप्प बसते. तासगाव ते नाशिक गंगीने हूं की चूं केलं नाही. आवाज केला तो आप्पांनी. नाशिक जवळ आल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षाच्या बागा दिसायला लागल्या, आणि द्राक्षांसाठीच ओळखल्या जाणाऱ्या तासगावच्या माणसाला दुसऱ्याची द्राक्षबाग बघवत नाही. "पानं बघ," ते म्हणत राहिले. "नुसती पानं."

भक्तनिवासाच्या ऑफिसात भिंतभर पाटी होती. 'आवारात मद्य, मांस, अंडी तसेच पाळीव प्राणी आणण्यास सक्त मनाई आहे.' आमच्या एका करंडीत त्यातली निदान दोन कलमं बसली होती.

"कोंबडी प्राणी नसते," आप्पा माझ्या कानात पुटपुटले. "पक्षी असतो."

टेबलामागे व्यवस्थापक भालेरावकाका होते. साठीचे, कपाळाला बुक्का, पांढरा सदरा, गळ्याच्या बटणापर्यंत नियमात बसलेला माणूस. त्यांनी आमची आधार कार्डं बघितली, मग आईंच्या हातातली करंडी. करंडीवर आईंची शाल होती.

"यात काय आहे?"

सतीश खोकला. मी पर्स उघडली. आणि आई, ज्यांनी माझ्या माहितीत आयुष्यात खोटं बोललेलं नाही, त्या शांतपणे म्हणाल्या, "देवाचं आहे."

भालेरावकाकांनी हात जोडले. "मग कुणी शिवू नका रे त्याला," त्यांनी आत ओरडून सांगितलं. "आजी, लिफ्टनं जा. जपून."

खोलीत आल्यावर आई पलंगावर बसल्या आणि पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "सगळंच देवाचं असतंय की."

शुक्रवार: काळाराम, सीतागुंफा

कोंबडी अंडं घालते तेव्हा गप्प घालत नाही. घालून झालं की अख्ख्या आळीला सांगते. हे आम्हाला आयुष्यभर माहीत होतं, तरी चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

सकाळी साडेसातला मी केस विंचरत होते. गंगी पलंगाखाली वर्तमानपत्रावर बसली होती. एकदम तिने मान वर केली आणि सुरू झाली. "कॉक कॉक कॉक कॉकाऽऽक!" फरशीच्या खोलीत तो आवाज असा घुमला की मला भालेरावकाका जिना चढताना दिसायला लागले. सतीशने तिच्यावर टॉवेल टाकला. टॉवेल ओरडायला लागला. आप्पा गुडघ्यांवर बसून विनवत होते, "गंगे, गंगे, शांत हो गं माये!"

आणि आईंनी तोंड उघडून अभंग सुरू केला.

आईंचे वडील भजनी मंडळातले, हे मी ऐकून होते. आईंना गाताना मात्र मी बावीस वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांचा आवाज मला माहीत होता तो परसदारी कोंबड्यांना बोलावणारा. आता तोच आवाज वरच्या पट्टीत लागला आणि कोंबडी त्याच्या खाली बुडून गेली. आई डोळे मिटून, मांडीवर ताल धरून गात होत्या. गंगी दमून थांबली, तरी त्या थांबल्या नाहीत. अभंग पुरा केला.

दारावर टकटक झाली. आप्पांनी करंडीच गंगीवर पालथी घातली. दारात शेजारच्या खोलीतल्या अकोल्याच्या काकू उभ्या होत्या, ओल्या केसांनी.

"बाप्पा! काय आवाज हाय वं तुमचा!" त्या म्हणाल्या. "अन् मधात 'गंगे, गंगे' करून कोन रडत होतं?"

"आमचे हे," आई म्हणाल्या.

काकूंनी आप्पांकडे बघून नमस्कार केला.

प्रश्न उरला अंड्याचा. खोलीत ठेवणं शक्य नव्हतं. 'बाहेर पडलो की कुणाला तरी देऊ,' म्हणून सतीशने ते रुमालात गुंडाळून कुडत्याच्या खिशात टाकलं. आम्ही काळारामाचं दर्शन घेतलं. पंचवटीची वडाची झाडं बघितली. प्रत्येकाला नंबर घातलेला आहे. आप्पांनी पाचही मोजून घेतली आणि बरोबर आहेत म्हणाले. मग आई म्हणाल्या, सीतागुंफा.

जे गेले नसतील त्यांच्यासाठी सांगते: गुंफेची वाट इतकी बुटकी आणि अरुंद आहे की बसून, सरपटत, गुडघे पोटाशी घेऊन पुढे जावं लागतं. आई, एकाहत्तर वर्षांच्या, माझ्यापुढे सुरकन गेल्या. माझ्यामागे सतीश. तो तब्येतीने जरा बरा आहे. मधेच मागून 'टच' असा बारीक आवाज आला आणि पाठोपाठ सतीशचा उसासा.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. चल. थांबू नकोस."

वर उजेडात आल्यावर मागचा एक मुलगा म्हणाला, "काका, तुमच्या खिशातून काहीतरी गळतंय." सतीशने खिशावर हात ठेवला, तो रामकुंडापर्यंत काढला नाही. लोकांना वाटलं असेल, पाकीटमाराची भीती. घाटावर नळाखाली त्याने कुडता धुतला आणि ओल्या कुडत्यात, फेब्रुवारीच्या वाऱ्यात, कुडकुडत उभा राहिला. आई पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. इथले लोक गोदावरीला सरसकट गंगाच म्हणतात. भाजीवालीसुद्धा 'गंगेवर बसते' म्हणते. आमच्याकडे कृष्णेला कृष्णाच म्हणतात. आईंनी ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं.

परत आलो तर खोलीचं दार उघडं आणि आत झाडू घेऊन ताराबाई. त्या साफसफाईला होत्या, मूळच्या पेठ तालुक्याकडच्या. आम्ही दारातच थिजलो. गंगी ताराबाईंच्या पायाशी कणी टिपत होती.

"ताई, ही कोंबडी तुमचीच ना?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

"लय गुणाची हाय. पण एका पायानं अधू हाय. हळद-तेल लावा." मग दार लोटून त्यांनी आवाज खाली आणला. "मी काय सांगत नाय. पण साहेबांना कळलं तर माझी बी चौकशी व्हईल, तेवढं ध्यानात ठेवा. आन् तिच्या खालचे घाण कागद मला द्या, मी गुपचूप नेऊन टाकते. माझ्या घरी बी सात हायेत."

मी त्यांना काही द्यायला गेले, तर त्या म्हणाल्या, "अंडं द्या उद्या. नातवाला व्हईल."

शनिवार आणि रविवार

शनिवारी गंगीने पावणेनऊला अंडं घातलं. आई तयारच होत्या. या वेळी अकोल्याच्या काकू टाळ घेऊन आल्या आणि दाराबाहेर व्हरांड्यात बसल्या. त्यांच्यामागे त्यांच्याच गटातल्या सहा-सात जणी. आई दारात बसून गायल्या, आप्पा आत करंडीवर हात ठेवून बसून राहिले.

त्यानंतर मिसळ. नाशिकला मिसळ खाणं हा सकाळचा निवांत कार्यक्रम असतो. लोक मळ्यातल्या मोठमोठ्या अंगणांत सहकुटुंब जातात, पोरं झोपाळ्यावर, म्हातारी माणसं बाजेवर. आमच्याकडे मिसळ ही उभ्याउभ्या, डोळ्यांतून पाणी काढून, कामाला पळायच्या आधी खायची गोष्ट. इथं रस्सा काळ्या मसाल्याचा, बरोबर पापड, दही, पाव आणि वर जिलबी. आप्पांनी पापड बाजूला ठेवला. "मिसळीत पापड म्हणजे लग्नात तेराव्याचा ब्राह्मण," ते म्हणाले. मग तो खाल्ला. मग माझाही खाल्ला.

तपोवनात हिंडून आलो. वाटेत आप्पांनी गाडी थांबवून द्राक्षं घेतली, 'नुसती बघायला.' किलोभर एकट्याने संपवली आणि म्हणाले, "गोड आहेत, पण साल जाड."

संध्याकाळी भालेरावकाकांनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. सतीशचा चेहरा पडला. मी मनातल्या मनात बॅगा भरल्या. पण काकांनी आईंना बसायला खुर्ची दिली.

"आजी, एक विचारायचं होतं. काल आपण साडेसातला बसलात. आज पावणेनऊला. उद्या किती वाजता? लोक विचारताहेत."

आईंनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा अनुभवी माणूस. त्यांनी हिशेब केला. "उद्या दहाच्या सुमारास होईल," ते म्हणाले. "रोज तास-सव्वा तासाने पुढं सरकतं."

"तिथीप्रमाणे असणार," भालेरावकाका गंभीरपणे म्हणाले आणि फळ्यावर खडूने लिहिलं: 'उद्या सकाळी १० वा. भजन. दुसरा मजला.'

रविवारी दहाला व्हरांड्यात पन्नास माणसं. सतरंज्या अंथरलेल्या. कुणी तरी पेटी आणली होती. दहा वाजले, आई बसल्या, सगळे वाट बघायला लागले. आईंना खोलीतून इशारा मिळाल्याशिवाय सुरू करायचं नव्हतं, कारण उगाच आधी गाऊन संपलं आणि मग गंगी ओरडली तर? दहा मिनिटं त्या डोळे मिटून बसून राहिल्या. पन्नास माणसंही डोळे मिटून बसली. इतकी शांतता मी देवळातही अनुभवलेली नाही. दहा वाजून बारा मिनिटांनी आतून पहिलं 'कॉक' आलं आणि आईंनी असा सूर लावला की पेटीवाल्याला पट्टी शोधता शोधता घाम फुटला.

त्या दिवशी त्या पाऊण तास गायल्या. गंगी तीन मिनिटांत आटोपली होती.

दुपारभर आई खोलीत आरशासमोर केस विंचरत, आठवून आठवून जुन्या चाली गुणगुणत होत्या. आप्पा म्हणाले, "पुरे की आता. घसा बसेल." आईंनी पुढची चाल धरली.

सोमवार

सोमवार आमचा शेवटचा पूर्ण दिवस. मंगळवारी पहाटे निघायचं होतं. भालेरावकाकांनी सव्वाअकराची वेळ लिहिली होती आणि आईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं ठरवलं होतं. व्हरांड्यात हार, ताट, माइक.

साडेदहा झाले. गंगी करंडीतून बाहेर आली, दाणे खाल्ले, पंख झटकले आणि उन्हाच्या तिरीपीत जाऊन झोपली. आप्पांनी तिला चाचपलं.

"आज नाही घालायची," ते म्हणाले. "तीन-चार दिवसांनी एक दिवस सुट्टी असते तिची. सुटलो. तू आता बाहेर जा आणि सांग, बरं वाटत नाही म्हणून. कारण काय आता गायचं?"

आई पदर सावरत होत्या. त्यांचे हात थांबले.

"कारण काय?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे कोंबडी गप्प आहे, तर कशाला..."

आई दार उघडून बाहेर गेल्या आणि माइकसमोर बसून गायल्या. आत कुणीही ओरडत नव्हतं. पहिल्यांदा मी त्यांचा आवाज झाकण म्हणून नाही, आवाज म्हणून ऐकला. तो थोडा थकलेला, मधेच फाटणारा, पण भरलेला होता. अकोल्याच्या काकू डोळे पुसत होत्या. जिन्याच्या तोंडाशी ताराबाई बादली खाली ठेवून उभ्या होत्या.

गाणं संपलं. भालेरावकाका शाल उलगडत पुढे आले. "अशी निष्ठा," ते माइकवर म्हणाले, "आजच्या काळात..."

"थांबा," आई म्हणाल्या. "मला ती शाल घेता यायची नाही."

"का हो आजी?"

"तीन दिवस मी देवासाठी गायले नाही. कोंबडीसाठी गायले."

लोकांना वाटलं, हे काही तरी अध्यात्मातलं असणार. एक-दोघांनी माना डोलावल्या. आई म्हणाल्या, "खोलीत आमची कोंबडी आहे. ती अंडं घातलं की ओरडती. ते ऐकू जाऊ नये म्हणून मी गात होते. पहिल्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले. आज मात्र गायले ते माझं मला गावंसं वाटलं म्हणून. ह्यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही. काय बोलायचं ते मला बोला."

मग अकोल्याच्या काकूंना हसू फुटलं. त्यांनी पदर तोंडात कोंबला, तरी आवरेना, आणि मग सगळा व्हरांडा हसायला लागला. एकटे भालेरावकाका हसले नाहीत. त्यांच्या हातात अर्धी उलगडलेली शाल होती आणि कान लाल झाले होते. त्यांनी फळ्यावर लिहिलेल्या वेळेचा, त्या तिथीचा मी विचार केला आणि मला त्यांची दया आली.

ते खोलीत गेले. उन्हाच्या तिरीपीपाशी वाकून बघितलं. गंगीने त्यांच्याकडे एका डोळ्याने बघितलं.

"नियम म्हणजे नियम," ते बाहेर येऊन म्हणाले. "बाराच्या आत कोंबडी आवाराबाहेर गेली पाहिजे."

"अहो, पन आजी...?" काकू म्हणाल्या.

"आजींबद्दल नियमात काही नाही. आजी राहतील." मग त्यांनी शाल पुरती उलगडून आईंच्या खांद्यावर घातली. "आजच्या गाण्याची आहे ही. मागच्या तीन दिवसांची नाही."

आप्पांनी करंडी उचलली. "चला," ते आम्हाला म्हणाले. "भरा बॅगा. आपण आजच निघू." आणि सवयीने आईंकडे न बघताच जिन्याकडे वळले. दोन पायऱ्या उतरले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की मागे कुणाची पावलं वाजत नाहीत.

"अगं, चल ना."

"तुम्ही व्हा पुढं," आई म्हणाल्या. "मी उद्या पहाटे येते. ह्या सगळ्यांनी संध्याकाळी खालच्या सभागृहात बसायला सांगितलंय."

"आणि मी कुठं राहू हिला घेऊन?"

उत्तर ताराबाईंनी दिलं. "बाबा, माझ्या घरी चला. हितं मागच्या गल्लीतच हाय. तुमच्या कोंबडीला सोबत बी व्हईल."

दुपारी मी आणि सतीश त्यांना बघून आलो. ताराबाईंच्या एका खोलीच्या घरासमोर आप्पा बाजेवर बसले होते आणि गंगी सात परक्या कोंबड्यांमध्ये मान ताठ करून लंगडत फिरत होती. आप्पा भाकरी आणि कांद्याची भाजी खात होते. भाजी छान आहे म्हणाले. कांदा इथलाच, लासलगावकडचा, हेही मान्य केलं. मग बऱ्याच वेळाने विचारलं, "किती वाजता आहे तिचं?"

"सहाला."

सहाला सभागृह भरलं. आईंना आता पेटी होती, टाळ होते, मागे साथीला अकोल्याचा अख्खा गट होता. दुसरा अभंग सुरू असताना सतीशने मला कोपराने ढोसलं आणि खिडकीतून बाहेर बघायला सांगितलं.

फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, आप्पा उभे होते. रिक्षा आणि टू-व्हीलर त्यांना वळसा घालून जात होत्या. करंडी छातीशी धरलेली, त्यावर त्यांचा स्वतःचा मफलर. त्यांनी मान तिरकी केली होती, कान आमच्याकडे.

सभागृहाच्या मागच्या रांगेतून भालेरावकाका उठले. ते ऑफिसात गेले, एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन फाटकापाशी आले आणि ती बाहेर रस्त्यावर ठेवली. खुर्चीचे चारही पाय आवाराच्या बाहेर आहेत ना, हे त्यांनी वाकून बघितलं. एक पाय आत वाटला असावा, खुर्ची दोन बोटं पुढे सरकवली.

आप्पा बसले. काकांनी काही विचारलं, आप्पांनी मफलरची कड उचलून दाखवली. काकांनी आत डोकावून बघितलं आणि मग गंगीला त्रास होऊ नये अशा बेताने कड पुन्हा नीट झाकली. ते लगेच आत आले नाहीत. फाटकाच्या आतल्या बाजूला, गजांना हात लावून उभे राहिले. एक बाहेर, एक आत, दोघंही अभंग संपेपर्यंत तसेच.